अंजर्ल्यात चार दिवस करायचं काय?

*ताई,*
*एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात मुलांच्या परीक्षा संपल्या की आम्ही चार दिवस दापोली तालुक्यातल्या अंजर्ल्याला जातोय. मी, नवरा, १५ वर्षांचा मुलगा, ९ वर्षांची मुलगी आणि सासूबाई. सासूबाई ७२ वर्षांच्या, दोन्ही गुडघे धरलेले. नवऱ्याला स्विमिंग पूल असलेलं रिसॉर्ट हवं होतं. मी हट्टाने गावातल्या एका घरी दोन खोल्या ठरवल्या. तेव्हापासून घरात रोज तोच विषय. मुलगा म्हणतो, ‘खेडेगावात चार दिवस करायचं काय?’ नवऱ्याने रील्स बघून हरिहरेश्वरपासून गुहागरपर्यंत चौदा ठिकाणांची यादी केलीय. त्यात तिथल्या घरच्या काकूंनी फोनवर सांगितलं की जेवण शाकाहारीच मिळेल, तेव्हापासून त्याचं तोंड उतरलंय. मला स्वतःला कासवांची पिल्लं बघायची आहेत. सहल फसली तर खापर माझ्यावरच फुटणार. काय करू?*
*— खापराची धनीण, चिंचवड*

खोल्या ठरवल्यात ते झकास केलंत. सहल फसलीच तर ती त्या चौदा ठिकाणांच्या यादीने फसेल, तेव्हा आधी तिचाच निकाल लावू.

नकाशावर हरिहरेश्वर ते गुहागर बोटभर दिसतं. पण मध्ये सावित्रीची खाडी आहे, केळशीला भारजा आहे, तुमच्या अंजर्ल्याला जोग नदीची खाडी आहे आणि खाली दाभोळला वाशिष्ठी. कोकणात समुद्र डावी-उजवीकडे ठेवून सरळ गाडी हाणता येत नाही. खाडी आली की पूल गाठायला आत शिरायचं, नाहीतर फेरीबोटीच्या रांगेत उभं राहायचं. वेशवी-बागमांडला आणि दाभोळ-धोपावे या दोन्ही फेऱ्यांवर गाडी चढते, मुलांना मजाही वाटते, पण सुट्टीच्या दिवसांत रांगेचा भरवसा नसतो. उरलेला रस्ता म्हणजे वळण, चढ, उतार आणि वळणावर समोरून येणारी एसटी. तीस किलोमीटरला सव्वा तास धरून चाला. चार दिवसांत चौदा ठिकाणं करायची तर सासूबाई चार दिवस मागच्या सीटवर गुडघे मुडपून बसणार आणि मुलीच्या हातात पिशवी असणार, उलटी आली तर म्हणून.

नवऱ्याला एक दिवस द्या. अख्खा दिवस, त्याच्या मर्जीचा. अट एकच: दिशा एक. उत्तरेला जायचं तर आडे, केळशी, वेळास, बाणकोट. दक्षिणेला जायचं तर हर्णै, मुरूड, आसूद. दोन्ही नाही. गुहागर पुढच्या वर्षी.

मला विचाराल तर दक्षिण. हर्णै पुलापलीकडे आहे, मुरूड त्याच्याही जरा पुढे, आणि नवऱ्याचा माशांचा प्रश्न त्याच बाजूला सुटतो. त्यावर पुढे येते.

आता तुमच्या मुलाचा प्रश्न. ‘करायचं काय’ हा प्रश्न वाईट नाही, फक्त अपुरा आहे. शहरात आपण ठिकाण ठरवतो आणि आपल्या सवडीने जातो. मॉल अकरालाही उघडा असतो आणि सातलाही. किनाऱ्यावरच्या गावात प्रत्येक गोष्टीची वेळ ठरलेली असते आणि ती तुम्ही ठरवलेली नसते. भरतीची वेळ, लिलावाची वेळ, वाडीला पाणी लावायची वेळ, काकूंच्या चुलीची वेळ. दुपारी बाराला किनाऱ्यावर जाऊन ‘इथे काहीच नाही’ म्हणणारे पुष्कळ असतात. बाराला काही नसतंच. पाय भाजतात. म्हणून तिथे गेल्यावर ‘काय बघायचं’ हे विचारू नका, ‘कधी’ हे विचारा.

सुरुवात समुद्रापासून. निघण्याआधी भिंतीवरच्या कालनिर्णयात त्या चार दिवसांच्या तिथ्या बघून ठेवा आणि हे काम मुलाला द्या, त्याला गणित आवडत असेल तर उत्तमच. किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा: तिथीला तीनने गुणायचं आणि चारने भागायचं. येणारा आकडा ही पूर्ण भरतीची वेळ, दिवसाची आणि रात्रीचीही. अष्टमी असेल तर आठ त्रिक चोवीस, भागिले चार, सहा. म्हणजे सकाळी सहाच्या आणि संध्याकाळी सहा-साडेसहाच्या सुमाराला भरती, आणि दुपारी बाराला पूर्ण ओहोटी. द्वादशीला हाच हिशेब नऊवर येतो. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. तिथी शुक्ल असो की वद्य, फरक पडत नाही, मोजायचं प्रतिपदेपासून. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण चहा घेऊन निघायचं की जेवून, एवढं ठरवायला पुरतो. रोज भरती आदल्या दिवसापेक्षा साधारण पाऊण तास उशिरा येते. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास गेलात तर उधाण असेल, पाणी खूप वर चढेल आणि खूप आतही जाईल. अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा समुद्राचा पसारा कमी.

हे एकदा कळलं की चारही दिवस आपोआप आखले जातात. ओहोटीला ओली वाळू घट्ट असते. सासूबाईंना कोरड्या भुसभुशीत वाळूतून चालवू नका, गुडघ्यांची वाट लागते. ओहोटीला त्या ओल्या पट्ट्यावर हात धरून चालतील, कदाचित तुमच्यापेक्षा लांब चालतील. काकूंकडून प्लॅस्टिकची एक खुर्ची मागून घ्या आणि मुलाच्या डोक्यावर द्या. त्याला काम मिळालं. मुलीला त्याच पट्ट्यावर बसवा. वाळूत बारीक भोकं दिसतील आणि भोकाभोवती वाळूच्या मोहरीएवढ्या गोळ्यांची नक्षी. ते खेकडे. वाळूतला खाऊ चाटूनपुसून घेतात आणि उरलेल्या वाळूची गोळी वळून बाजूला टाकतात. पाच मिनिटं अजिबात न हलता बसलं तर बाहेर येतात, सावली हलली की गुडुप. नऊ वर्षांचं मूल यात तासभर रमतं. शिंपले गोळा करू द्या, पण आत जीव आहे का ते बघून. जिवंत असेल तो परत पाण्यात.

कातळाचा भाग लागला आणि ओहोटी चांगली असेल तर तिथे बायका कालवं काढताना दिसतील. वाकून, हातातल्या लोखंडी हत्याराने दगडावरचं कवच फोडून आतलं मांस डब्यात टाकायचं. धारदार कवचांवरून अनवाणी चालायचं धाडस तुमच्यातल्या कुणी करू नये. बघायचं असेल तर बघा, बोलायचं असेल तर बोला, पण लगेच मोबाईल तोंडासमोर धरू नका. पाणी परतायच्या आत डबा भरायचा असतो त्यांना.

पोहण्याचं म्हणाल तर स्पष्ट सांगते. अंजर्ल्याचा किनारा लांबलचक आणि देखणा आहे, पण शांत दिसणाऱ्या पाण्यावर जाऊ नका. उतरायचं ते भरती चढत असताना, कमरेपर्यंत, गावातली माणसं जिथे उतरतात तिथेच. ओहोटी लागल्यावर नाही. आणि खाडीच्या तोंडाशी तर कधीच नाही, तिथे पाणी कितीही निवांत वाटलं तरी. ओहोटीला खाडीचं सगळं पाणी त्याच अरुंद वाटेने समुद्राकडे ओढलं जातं, चांगला पोहणाराही त्यात टिकत नाही. घरच्या काकांना पहिल्याच दिवशी विचारा, ‘इथे कुठे उतरायचं नाही?’ ते बोट दाखवून सांगतील. दारू पिऊन पाण्यात जाणारे दरवर्षी जातात आणि दरवर्षी त्यातले काही परत येत नाहीत. तुमच्या घरात तसं कुणी नसेल असं धरते.

गाडीही वाळूत घालायची नाही. रीलमध्ये लाटांच्या कडेने पळणारी गाडी छान दिसते. त्यानंतर ती वाळूत रुतते, भरती चढायला लागते, ट्रॅक्टरसाठी गावभर फोन होतात आणि खाऱ्या पाण्याने गाडीचा निकाल लागतो, तो भाग रीलमध्ये नसतो. शिवाय त्याच वाळूत कासवांची अंडी असतात.

कासवांकडे वळते, कारण तुमच्या पत्रातली तुमची स्वतःची इच्छा तेवढी एकच होती.

ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात रात्री किनाऱ्यावर येऊन वाळूत खड्डा करतात, शंभराच्या वर अंडी घालतात आणि खड्डा बुजवून समुद्रात परत जातात. पुन्हा वळूनही बघत नाहीत. पूर्वी ही अंडी कुत्री-कोल्हे उकरायचे आणि माणसंही खायची, विकायची. २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने शेजारच्या वेळासला गावकऱ्यांना हाताशी धरून संरक्षण सुरू केलं. पुढे ते अंजर्ल्यासह किनाऱ्यावरच्या कितीतरी गावांत पोचलं. आता गावातले कासवमित्र पहाटे किनारा पालथा घालतात, घरटं सापडलं की अंडी जाळीच्या कुंपणात हलवतात, तितक्याच खोल खड्ड्यात. सुमारे पन्नास दिवसांनी पिल्लं वर येतात. सकाळी आणि संध्याकाळी त्यांना समुद्राच्या दिशेने वाळूवर सोडतात. पाण्यात नेऊन टाकत नाहीत, ती चालत गेली पाहिजेत.

एप्रिलचा तिसरा आठवडा म्हणजे हंगामाची शेपटी. उशिरा घातलेली घरटी शिल्लक असतील तर पिल्लं दिसतील, नसतील तर नाही. निघायच्या आधी काकांना फोन करून विचारा, ‘किती घरटी उरलीत आणि कोणत्या तारखेला अपेक्षित आहेत?’ कासवमित्रांकडे नोंद असते, ते अंदाज देतात. तो अंदाजच असतो, पिल्लं काही आपल्या रजा बघून बाहेर येत नाहीत. मुलीला आधीपासून ‘पिल्लं दाखवणार’ असं कबूल करून ठेवू नका. ‘दिसली तर’ असं म्हणा.

दिसली तर दोरीच्या बाहेर उभं राहा, फ्लॅश बंद, टॉर्च बंद, हात लावायचा नाही. पिल्लू तळहातात मावेल एवढं असतं, काळपट, आणि चार पावलं चालून थांबतं. दम खातं. लाट येते, त्याला मागे फेकते, उलटं पाडते. ते पुन्हा सरळ होतं आणि पुन्हा निघतं. त्या वेळी बघणाऱ्यांतला कुणीतरी हमखास उचलून पुढे ठेवायला धावतो. तो तुमचा नवरा नसू दे.

आता माशांचा प्रश्न. काकूंच्या घरी शाकाहारी म्हणजे शाकाहारी. त्यावर घासाघीस नको, आणि खोलीवर गुपचूप तळलेली सुरमई आणून खाणं तर अजिबात नको. वास लपत नाही. पण अंजर्ल्याहून पूल ओलांडला की हर्णै, आणि हर्णैच्या बंदरावर संध्याकाळी चारनंतर जो लिलाव चालतो तो तुमच्या मुलाच्या ‘करायचं काय’ला माझं सगळ्यात ठाम उत्तर आहे.

नौका आत पाण्यात नांगरून उभ्या राहतात. मासळी किनाऱ्यावर आणायला बैलगाड्या समुद्रात उतरतात, बैलांच्या पोटाला पाणी लागेपर्यंत. गाडी बाहेर आली की वाळूवर ढीग पडतात: कोळंबी, माकूल, बांगडा, मांदेली, मध्येच एखादा माणसाच्या मांडीएवढा मासा. ढिगाभोवती कोंडाळं होतं. बोली चढते, तुम्हाला काही कळायच्या आत ढीग विकला जातो आणि कोंडाळं पुढच्या ढिगाकडे सरकतं. बर्फ फोडल्याचा आवाज, टेम्पोचे हॉर्न, वर घारी, पायाखाली चिखल. चांगल्या चपला घालून जाऊ नका. सासूबाईंना गाडीतच बसवा, तिथे पाय घसरतो. आणि वाटेत उभं राहू नका. डोक्यावर पाटी घेतलेली बाई तुम्हाला ‘सरका’ म्हणेल ती एकदाच.

ढिगांच्या बोलीत तुमचं काम नाही, तो व्यापाऱ्यांचा घाऊक मामला. पण कडेला किरकोळ विक्रीला बसलेल्या कोळणी असतात. मुलाच्या हातात पाचशेची नोट द्या, म्हणावं, तू घेऊन ये, मी येणार नाही. आधी एवढं शिकवून ठेवा: कल्ला उघडून बघायचा, आत लालभडक हवा, तपकिरी झाला असेल तर पुढे चला. डोळा फुगीर आणि स्वच्छ हवा, खोल गेलेला नको. बांगडा डोक्याकडून आडवा धरला तर ताठ राहिला पाहिजे, लोंबला तर शिळा. पापलेटाच्या कल्ल्याजवळ दाबलं की पांढरं पाणी यावं. एवढं बघून घेणाऱ्या पोराला कोळीण सहसा फसवत नाही, उलट कौतुकाने वर एखादा बांगडा टाकते. भाव करावा, पण बेताने.

घेतलेली मासळी करून देणारी घरगुती खानावळ हर्णैला किंवा लगतच्या पाजपंढरीला बंदरावर विचारलंत तर कळेल, आधी फोन केलेला बरा. नवऱ्याने तिथे एक दिवस पोटभर खावं आणि उरलेले दिवस निमूट कुळथाचं पिठलं. तसंही काकूंच्या हातचं ओल्या काजूच्या उसळीचं ताट समोर आल्यावर तो तक्रार करेल असं मला वाटत नाही. काजू हंगामाच्या अखेरीला असतील, मिळाले तर नशीब. फणसाची भाजी नक्की मिळेल. तांदळाची भाकरी, सोलकढी, केळफूल, सकाळी घावन नाहीतर आंबोळी. उकडीचे मोदक हवे असतील तर आदल्या दिवशी सांगा, ऐनवेळी नाही. नारळ खवण्यापासून पारी वळण्यापर्यंत त्यात अख्खी सकाळ जाते. आणि ताटात वाढून घेतलेलं टाकू नका.

त्याच दक्षिणेच्या दिवसात हर्णैहून सुवर्णदुर्ग. समुद्रातला किल्ला, होडीने जायचं, उतरताना पाय भिजतात, सासूबाईंसाठी नाही. आत झाडोरा माजलेला असतो, विहिरी आहेत, तटबंदी अजून दणकट आहे. कान्होजी आंग्र्यांच्या कारकिर्दीला सुरुवात झाली ती इथून. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या ज्या १२ किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतलं त्यात हाही आहे, हे मुलाला सांगा, पण त्यामुळे तिथे कॅन्टीन उघडलंय असं समजू नका. पाणी घेऊन जा. दरवाजाच्या पायरीवर दगडात कोरलेलं कासव आहे, ते मुलीला शोधायला लावा. खऱ्या पिल्लांनी दगा दिलाच तर तेवढं तरी. लाइफ जॅकेट दिलं नाही तर होडीत चढू नका. डॉल्फिन दाखवणाऱ्या बोटींबद्दल माझं मत फारसं बरं नाही. एक शेपटी दिसली की पाच बोटी तिच्यामागे लागतात. जायचंच असेल तर भल्या सकाळी, आणि नावाड्याला आधीच सांगायचं, ‘पाठलाग नको, लांबून दिसला तर दिसला.’

मुरूडला थांबा, पण किनाऱ्यावरच्या घोडा-बग्ग्यांसाठी नको. धोंडो केशव कर्वे या गावात वाढले. शाळकरी वयात परीक्षेला बसायला ते मुरूडहून साताऱ्यापर्यंत डोंगर तुडवत चालत गेले आणि तिथे ‘वय लहान दिसतं’ म्हणून त्यांना परीक्षेला बसूच दिलं नाही. नुकती परीक्षा देऊन आलेल्या पंधरा वर्षांच्या मुलाला हे तिथे, मुरूडच्या रस्त्यावर सांगा. उपदेश जोडू नका, नुसतं सांगा. पुढे त्याच माणसाला वयाच्या शंभरीत, १९५८ मध्ये, भारतरत्न मिळालं.

आसूदचं केशवराजाचं देऊळ सुंदर आहे. पोफळींच्या सावलीतून खाली उतरायचं, ओढ्यावरचा पूल ओलांडायचा, मग पायऱ्या चढायच्या, वर गोमुखातून बारमाही पाणी. पण पायऱ्या भरपूर आहेत. सासूबाईंना ‘हळूहळू जमेल’ म्हणून नेऊ नका, जमणार नाही. त्यांच्यासाठी अंजर्ल्याचाच कड्यावरचा गणपती. पायऱ्या आहेत तशी देवळापर्यंत गाडीची वाटही आहे. उजव्या सोंडेचा गणपती, अठराव्या शतकात जीर्णोद्धार झालेलं देऊळ, समोर तळं. संध्याकाळी जा, देवळाजवळून समुद्र आणि त्यात सुवर्णदुर्ग दोन्ही दिसतात. मूळ देऊळ खाली किनाऱ्याला होतं, समुद्र आत आला तेव्हा गणपती चालत कड्यावर गेला, अशी गावची गोष्ट आहे. ती तिथल्या एखाद्या आजींकडून ऐका, मी सांगून मजा घालवत नाही.

उरलेल्या वेळात गावात राहा. म्हणजे खरंच राहा. अंजर्ल्यात घराच्या मागे वाडी असते, नारळ-पोफळीची, आणि वाडी संपली की समुद्र. एप्रिलात तिला पाणी द्यावंच लागतं. काकांना विचारा, मुलगा मदतीला आला तर चालेल का. पंपाचं पाणी पाटात सुटतं. प्रत्येक झाडाभोवती आळं असतं. खोऱ्याने पाटाचा मातीचा बांध एका जागी फोडायचा, पाणी आळ्यात वळतं, आळं भरलं की तीच माती ओढून तोंड बुजवायचं आणि पुढचं फोडायचं. ऐकायला सोपं. पहिल्यांदा करणाऱ्याचं पाणी दोन आळ्यांत एकदम शिरतं, पाट फुटतो, काका ओरडतात. पायात गार चिखल, वरून सावली. मोबाईल आपोआप खिशात जातो. तो काढून घेऊ नका, तिथे रेंज पुरेशी वाईट आहे.

वाडीत फिरताना झाडांची वयं विचारा. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने या पट्ट्यातल्या वाड्याच्या वाड्या झोपवल्या. नारळ-पोफळ लावल्यापासून धरू लागायला सहा-आठ वर्षं जातात. म्हणजे ज्यांचं वर्षाचं उत्पन्न झाडावर होतं, त्यांचं ते एका दुपारीत गेलं आणि नवी झाडं आत्ताआत्ता कुठे हाताशी येतायत. मधल्या काळात कितीतरी घरांना पाहुण्यांच्या खोल्यांनीच हात दिला. म्हणून सांगते, खोलीच्या भाड्यावरून ‘रिसॉर्टमध्ये याच पैशांत पूल मिळतो’ हे वाक्य नवऱ्याच्या तोंडून बाहेर पडू देऊ नका.

सासूबाईंची मला काळजी वाटत नाही. एप्रिलात कोकणातल्या ओटीवर उन्हाळी कामांचा पसारा असतो: पोह्यांचे पापड, आंब्याची साटं, लवकर पिकलेली कोकमं असतील तर आमसुलं. कोकम फोडून बिया काढायच्या, सालं मिठासकट त्याच्याच रसात बुडवायची, उन्हात टाकायची, संध्याकाळी पुन्हा रसात, सकाळी पुन्हा उन्हात, असं काळीभोर होईपर्यंत. तुमच्या सासूबाई एकदा त्या पाटावर नाहीतर खुर्चीवर बसल्या की उठायच्या नाहीत. निघताना आमसुलं काकूंकडूनच विकत घ्या, रस्त्यावरच्या दुकानातून नको.

काही बारीकसारीक गोष्टी, ज्यांवरून यजमान मनातल्या मनात पाहुणा जोखतात. एप्रिल-मे म्हणजे विहिरी तळाला. समुद्रावरून आलात की अंगणातल्या नळावर पाय आणि वाळू धुऊन मगच घरात, आणि आंघोळ बादलीची. कुणाच्या वाडीतली कैरी, शहाळं, पडलेला नारळसुद्धा विचारल्याशिवाय उचलायचा नाही. रात्री दहाला गाव झोपलेलं असतं, तुमचा स्पीकर चिंचवडलाच राहू दे. बाटल्या आणि पाकिटं परत घेऊन या, तिथे कचऱ्याची गाडी दारात येते असं धरू नका.

जाताना ताम्हिणी, माणगाव करून आंबेतच्या पुलावरून मंडणगडला उतरणार असाल तर तो पूल चालू आहे ना, हे आदल्या दिवशी काकांना विचारा. मागे दुरुस्तीसाठी तो बराच काळ बंद होता. पोचायला दुपार होईल. पहिल्या दिवशी संध्याकाळी काहीही ठरवू नका, नुसते किनाऱ्यावर जाऊन बसा. मुलगा ‘बोअर होतंय’ म्हणाला तर म्हणू द्या, दुसऱ्या दिवशी त्याला खोरं मिळणार आहे. रोख पैसे पुण्याहून न्या, रेंज गेली की फोनवरून पैसे जात नाहीत आणि काकूंना अवघडल्यासारखं होतं. सासूबाईंच्या गोळ्या चार नाही, आठ दिवसांच्या घ्या. उपजिल्हा रुग्णालय आणि मोठी औषधांची दुकानं दापोलीला आहेत, अंजर्ल्याहून तासाभराच्या आत पोचता. गुडघ्याला लावायचं तेल त्यांचं त्यांना विचारून बॅगेत टाका, आणि घडीची काठी असेल तर तीही, वाळूत लागेल.